दोन मनगटं आणि एक फाटक

मानवजातीच्या इतिहासात काही मोहिमा अशा असतात, की त्यांच्या यशापयशावर पुढच्या पिढ्यांचं भवितव्य ठरतं. आमची मोहीम त्यांतली नव्हती. आम्हाला दोन घड्याळांपैकी एक निवडायचं होतं.

तरीही त्यात माझी अब्रू गुंतली होती, हे आधीच सांगितलेलं बरं. गेल्या वर्षी मी डोंगरातल्या एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत उतरलो आणि जंगलात जिथे वाट फुटते तिथे चुकलो. शेवटच्या धावपटूनंतर अडीच तासांनी, भलत्याच दिशेने, मी मैदानात उगवलो. तोवर आयोजकांनी शेवटच्या रेषेवरची फुगवलेली कमान हवा काढून गुंडाळून ठेवली होती, आणि त्या गुंडाळीवर माझी बायको माझं जाकीट मांडीवर घेऊन बसली होती. ती एक अक्षर बोलली नाही. अठरा वर्षांच्या संसारात असं पहिल्यांदाच घडत होतं, त्यामुळे मी फार घाबरलो.

यंदा पुन्हा नाव नोंदवलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "येईन मी. पण कमानीवर बसायला नाही, कमानीखाली उभी राहायला."

म्हणून वाट दाखवणारं घड्याळ घ्यायचं ठरलं. कोणतं घ्यायचं, यावरून घरात दोन पक्ष पडले.

पहिल्या पक्षात माझा शाळेपासूनचा मित्र, दंतवैद्य. त्याचा कौल रणगाड्याला. रणगाडा म्हणजे जाडजूड, काळं, पाच बटणांचं, मळकट पडद्याचं घड्याळ. ट्रकखाली गेलं तरी ट्रकचंच नुकसान व्हावं, असं. एकदा चार्ज केलं की महिनाभर बघायला नको. दुसऱ्या पक्षात माझा मेहुणा. तो फ्रिज विकतो, त्यामुळे नवीन मॉडेल हे जुन्यापेक्षा चांगलंच असतं, यावर त्याचा पोटापाण्यापुरता विश्वास आहे. त्याचा कौल आरशाला. आरसा सडपातळ, लखलखीत, रंगीत नकाशावाला, बोटाने चालणारा. तो झोप मोजतो, श्वास मोजतो, सल्ले देतो आणि त्यातून वेळ उरला तर वेळही दाखवतो.

आता मी. मी विमा कंपनीच्या तक्रार विभागात सतरा वर्षं आहे. दोन्ही बाजूंना 'आपल्या म्हणण्यात तथ्य आहे' असं पत्र पाठवणं हे माझं काम. हळूहळू ते अंगात मुरतं. दंतवैद्य बोलला की मला रणगाडा पटे, मेहुणा बोलला की आरसा. दोघे एकदम बोलले की मी पाणी प्यायला उठत असे.

दुकानदाराची एक दाढ दंतवैद्याने वाचवली होती. तेवढ्या पुण्याईवर त्याने दोन्ही घड्याळं चार दिवस वापरायला दिली. "नको ते परत आणा," तो म्हणाला. "पण ओरखडा चालणार नाही."

शर्यतीचा जंगलातला टप्पा चालून बघायचा, जो चुकणार नाही तो ठेवायचा, अशी योजना ठरली. रविवारी सकाळी दंतवैद्याने रणगाडा आपल्या दवाखान्यातच माझ्या डाव्या मनगटावर बांधला. "सगळं तपासून, सुरू करून दिलंय," तो म्हणाला. "आता कशालाही हात लावायचा नाही." कोणतंही उपकरण वापरण्याआधी तो खुर्चीजवळ सुरू करून बघतो. ही त्याची वीस वर्षांची शिस्त. मेहुण्याने आरसा उजव्या मनगटावर चढवला. "याला सुरू करावंच लागत नाही, दाजी. तुम्ही व्यायाम करताय हे त्याचं त्याला कळतं."

मग गाडीने जंगलाच्या फाटकाशी पोचलो, आणि तिथल्या पहारेकऱ्याने आमची नावं वहीत लिहिली. "सहाला फाटक बंद," तो म्हणाला. "मग आतला आत, बाहेरचा बाहेर."

चाचणी निखळ व्हावी म्हणून दंतवैद्याने तिघांचे फोन गाडीत ठेवायला लावले, आणि साडेअकराला आम्ही जंगलात शिरलो.

सुरुवातीची वाट मोठी गोड होती. दोन्ही बाजूंनी उंच झाडं, पायाखाली पानांचा जाड थर, मधूनच कुठेतरी खळाळणारं पण दिसत नसलेलं पाणी, आणि ढगाळ आभाळामुळे सगळीकडे एकसारखा, कुठून येतोय ते न कळणारा उजेड. अशा जागी माणसाला उगाच उदात्त वाटू लागतं. मलाही वाटू लागलं. तेवढ्यात आरसा थरथरला. 'आज तुमचं शरीर श्रमासाठी तयार नाही.'

"सावध करतोय बघा!" मेहुणा म्हणाला. "ते काळं खोकं असलं काही सांगतं का?"

"सांगत नाही, कारण ते चहाडखोर नाही," दंतवैद्य म्हणाला.

एक किलोमीटरचा दगड लागला तेव्हा मी रणगाड्याकडे पाहिलं. त्यावर एकोणीस किलोमीटर होते.

"चढ धरतो तो," दंतवैद्य ठामपणे म्हणाला. "चढावरचं अंतर जास्तच असतं."

मला ते पटलं. मग आरशाकडे पाहिलं. त्यावर शून्य होतं.

"तुमचं चालणं त्याच्या लेखी अजून व्यायाम नाही, दाजी. अहो, काटेकोर आहे तो!"

मला हेही पटलं.

दोन किलोमीटरनंतर एका वडाखाली आम्ही उकडलेली अंडी सोलायला बसलो. आणि वरून फांदी हलली. एक माकड. मग दुसरं. मग सात! डबा गेला! दंतवैद्याची टोपी गेली! मी उठलो आणि पळत सुटलो. शाळा सोडल्यापासून असा पळालो नव्हतो. उजव्या मनगटावर आरसा आनंदाने किणकिणला, 'व्यायाम सुरू झाला!'

पळता पळता वाट सुटली. आम्ही डोक्यापेक्षा उंच झुडपांत शिरलो होतो. चहूकडे एकसारखी पानं, वर एकसारखं आभाळ. गेल्या वर्षी मी जिथे चुकलो ती जागा शोधायला आलो होतो, आणि त्याआधीच नवीन जागी चुकलो होतो. दोन-अडीच तास फिरलो. मग एकच बूट दोनदा दिसला. तो मेहुण्याचाच निघाला; तो चिखलात रुतल्याचं त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

साडेतीन वाजले. "हीच खरी परीक्षा!" दंतवैद्य म्हणाला. "दोन्हीकडे 'सुरुवातीला परत' हे दाब."

मी दाबलं. रणगाड्याचा बाण डावीकडे वळला. आरशाचा उजवीकडे. मी दोन्ही हात समोर धरून उभा राहिलो. बाण एकमेकांकडे पाठ करून होते. सतरा वर्षांच्या नोकरीत मी इतकी स्वच्छ तक्रार पाहिली नव्हती.

"दोघांच्याही म्हणण्यात तथ्य…" मी सुरुवात केली.

"गप रे लेका!" दंतवैद्य म्हणाला.

शेवटी एक दगड वर उडवला. मेहुण्याची बाजू लागली. आरशामागून आम्ही काटेरी झुडपं तुडवत पाऊण तास चाललो. बाण ठाम, अंतर कमी कमी होत होतं. शंभर मीटर! पन्नास! दहा! पडद्यावर फुलबाजे उडाले. 'पोचलात! अभिनंदन!'

आम्ही वडाखाली उभे होतो. वर सात माकडं होती. एकाच्या डोक्यावर दंतवैद्याची टोपी होती.

"यानं पळालात तिथून सुरुवात धरली," मेहुणा बारीक आवाजात म्हणाला. "तशी त्याची चूक नाहीये…"

त्याला पूर्ण बोलू न देता आम्ही पुन्हा पळालो.

आता रणगाड्याची पाळी. त्याचा बाण भाल्यासारखा सरळ होता. वाट, झाड, खड्डा असले क्षुद्र विचार त्याला शिवत नव्हते. पाच वाजता आम्ही एका घळीच्या काठावर आलो. बाण म्हणत होता, सरळ.

"मजबूत यंत्र आहे," दंतवैद्य म्हणाला, पण एक पाऊल मागे सरून. "ते उगाच सांगणार नाही."

मी वाकून खाली पाहिलं. पायाखालची माती सरकली. मी घसरलो! झुडूप हातात आलं, मुळासकट आलं! खडी, काटे, कोपर, आभाळ, पुन्हा कोपर! धप्प!

दोन माणसांच्या उंचीएवढ्या खाली, एका खडकावर मी जिवंत बसलो होतो. रणगाड्यावर साधी धूळही नव्हती. आरशाच्या काचेवर एक लांब ओरखडा होता, आणि त्याखाली अक्षरं उमटली, 'आपण पडलात असं वाटतं. घरी कळवत आहे.' मी थांबवायला बोट फिरवलं. घामेजल्या बोटाला आरसा दाद देईना. त्यात स्वतःचा फोन होता, आणि मेहुण्याने त्यात आपल्या ताईचा नंबर भरून ठेवला होता. घंटी वाजू लागली.

माझी बायको ग्रंथपाल आहे. रविवारीही ग्रंथालय उघडं असतं, आणि तिथे ती रागावते तेही कुजबुजत.

"अहो, पडलात का?" आरसा कुजबुजला.

"थोडा. सहाला फाटक बंद होईल आणि रणगाडा घळीतून जायला सांगतोय."

"किती दूर म्हणतोय फाटक?"

मी पाहिलं. "सुरुवातीपर्यंत चौदा किलोमीटर."

पलीकडे कुणीतरी पान उलटल्याचा आवाज आला.

"चौदा," ती म्हणाली. "तुम्ही. जेवणाआधी निघून. चौदा किलोमीटर." आणि लगेच, "डॉक्टर आहेत का जवळ? डॉक्टर, हे घड्याळ तुम्ही सुरू कुठे केलंत?"

दंतवैद्य वर काठावर पालथा पडून ऐकत होता.

"दवाखान्यात," दंतवैद्य म्हणाला. "खुर्चीजवळ."

म्हणजे रणगाडा एकदाही चुकला नव्हता. तो दिवसभर आम्हाला प्रामाणिकपणे, डोंगरदऱ्या ओलांडून, दाताच्या दवाखान्यात न्यायला बघत होता.

"आता ऐका," बायको म्हणाली. "समोर काय दिसतंय? मनगट खाली करा आणि सांगा."

मी मनगटं खाली केली. पानं, खडक, झाडं. आणि झाडांच्या वरून गेलेली एक तार.

"विजेची तार आहे."

"पहारेकऱ्याच्या खोलीत दिवा आहे ना? मग उताराच्या बाजूने तारेखालून चला. ताई बोलतेय म्हणून सांगा त्या दिवट्याला, मध्येच शहाणपणा करायचा नाही."

"ऐकू आलं, ताई!" मेहुणा वरून ओरडला. मग दोघांनी कमरेचे पट्टे जोडून मला वर ओढलं, आणि आम्ही धावलो. खांब, तार, खांब! पाच चाळीस! ओढा! पाच पन्नास! पुन्हा खांब! तार एका रुंद पायवाटेवर आली, आणि मी जागच्या जागी थांबलो. हीच ती वाट फुटण्याची जागा. गेल्या वर्षी मी इथेच चुकलो होतो. तिथे माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर पिवळी पाटी होती. दोन हात लांब. वर लाल बाण आणि 'फाटक'.

पहारेकरी कुलूप हातात घेऊनच उभा होता. सहाला दोन मिनिटं होती.

"ती पाटी नवीन का?" मी धापा टाकत विचारलं.

"नऊ वर्षं झाली," तो म्हणाला. "तिथे पोचलं की सगळे घड्याळात बघतात."

काचेवरचा ओरखडा दंतवैद्याने दवाखान्यात चाळीस मिनिटं घासून घालवला आणि सवयीने आरशाला चूळ भरायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी दोन्ही घड्याळं परत केली. "कोणतं चांगलं वाटलं?" दुकानदाराने विचारलं. मी म्हणालो, दोन्ही. ते खरं होतं.

शर्यतीच्या दिवशी मी रिकाम्या मनगटांनी धावलो आणि पिवळ्या पाटीपाशी वळलो. मैदानात शिरलो तेव्हा मागे चारच जण होते, पण कमान उभी होती, आणि तिच्याखाली बायको जाकीट घेऊन उभी होती.

"किती वेळ लागला?" तिने विचारलं.

मी मनगटाकडे पाहिलं, मग वर. कमानीवरचं मोठं घड्याळ सकाळपासून बंद होतं.