कान कोणी पिळला?

आबांचा कान पन्नास वर्षांपूर्वी नेमका कोणी पिळला, यावरून आमच्या घरात रणकंदन माजलं होतं.

साल २०६१. आजी-आबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. लग्नात होमाच्या वेळी नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, ती कानपिळी पुन्हा करायची ठरली. पण आजीला भाऊ दोन, मंदारमामा आणि हेमंतमामा. दोघंही म्हणत, "तेव्हा मीच पिळला होता!" शेवटी हेमंतमामांनी समारंभाला येणारच नाही असं जाहीर केलं आणि आजीचा चेहरा एवढासा झाला. मला फार वाईट वाटलं.

"आबा, तुम्हाला आठवत नाही?"

"अगं रेवा, अशी कळ आली की डोळेच मिटले!"

आजीच्या डोळ्यांत होमाचा धूर गेला होता. पुरावा एकच, कसरीने खाल्लेला फोटो. त्यात आबांचं वेडंवाकडं तोंड, कान आणि कान धरलेली दोन बोटं तेवढी उरली होती.

मी फोटो ठिगळ्याला दिला. ठिगळ्या आमचा यंत्रमानव. चित्रविस्तार (चित्राचा नसलेला भाग नव्याने रचणे) हा त्याचा हातखंडा. आजीची धाकटी बहीण केतकीआजी कोपऱ्यात शेंगा सोलत बसली होती. तिने जन्मभर यंत्रांना चित्रं शिकवली होती. ती नुसतीच गालात हसली.

ठिगळ्याच्या पडद्यावर आधी मुंग्याच मुंग्या दिसल्या. मग हळूहळू एक फेटेवाला मिशाळ माणूस उमटला.

"हा बघा मी!" मंदारमामा ओरडले.

"तुला मिशी कधी फुटली होती?" हेमंतमामा म्हणाले.

पुन्हा विचारलं, तर चष्मेवाला जाड्या आला. तिसऱ्यांदा आलेल्या तरुणाला सहा बोटं होती.

"ठिगळ्या, यातला खरा कोण?"

"तिघंही खरे वाटतात की!" तो अभिमानाने म्हणाला.

"वाटतात, एवढंच," केतकीआजी म्हणाली. "त्याचं प्रशिक्षण (उदाहरणं दाखवून शिकवणं) असंच झालंय. लाखो फोटो दाखवायचे, त्यांचा एकेक तुकडा झाकायचा आणि विचारायचं, इथे काय असेल? चुकलं की सुधारायचं. त्यातून कशाशेजारी बहुधा काय असतं, हे तो शिकला. तिथे खरंच कोण होतं, हे त्याला माहीत नाही. तो अंदाज करतो."

"पण मला स्पष्ट आठवतंय!" मंदारमामा म्हणाले.

"तुझ्याही डोक्यात एक ठिगळ्या बसलाय. रिकामी जागा दिसली की भरून टाकतो."

मला एक शंका आली. "तिन्ही वेळा पुरुषच का आला?"

केतकीआजीचे हात थांबले. "शाब्बास! त्याने पाहिलेल्या कानपिळ्यांत बहुतेक भाऊच होते. नेहमीचं तेवढंच त्याला सुचतं. आपल्याकडे मात्र गुरुजी भावाला हाका मारत होते आणि हे दोघे स्वयंपाकघरात जिलब्या हाणत होते. मग मीच पिळला."

"इतकी वर्षं बोलली का नाहीस?" आजीने विचारलं.

"यंत्राला तीनदा विचारलंत. मला कोणी एकदा तरी विचारलं?"

केतकीआजी उठली आणि तिने सरळ आबांचा कान धरला.

"आई गं!" आबा किंचाळले. "हीच! हीच ती पकड!"

समारंभाला दोन्ही मामा शेजारी शेजारी उभे राहून लाह्या देत होते आणि कान केतकीआजी पिळत होती. मी फोटो काढून ठिगळ्याला दाखवला. त्याने तो आपल्या तिन्ही चित्रांशेजारी लावून पाहिला.

"असंही असतं?"

"असतं," मी म्हटलं. "शिकून घे."