पर्डी आजोबांची वेळ

अगं, चहा राहू दे, आधी बस आणि ऐक. आपली नोएला कोमो माहितीये ना, सात नंबरची बस चालवायची ती? कालच घडलंय. आज डेपोत मला सांगताना सारखी हसत होती.

तिच्या उजव्या डोळ्यावर दुधाच्या सायीसारखं काहीतरी धरलंय, हे तुला ठाऊक आहे. त्यामुळे बस काढून घेतली आणि प्रवाशांच्या हरवलेल्या छत्र्या नि हातमोजे सांभाळायच्या खिडकीवर बसवलं. मार्चअखेर डोळा बरा असल्याचा कागद आणला नाही, तर बस कायमची दुसऱ्याला. आणि डोळ्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे चिठ्ठी जाऊन झालेत एकोणीस महिने!

आता, आयत्या वेळी कुणी वेळ रद्द केली तर दवाखान्यातून फोन येतो. तोही नंबर लपवून. तीन रिंगांत उचलला नाहीस तर तुझी वेळ यादीतल्या पुढच्याला. म्हणून नोएला आंघोळीला जाताना फोन सँडविचच्या प्लास्टिक पिशवीत घालून न्यायची. काकाच्या अंत्यविधीला चर्चमध्ये वाजला, तर तिथेही उचलला. घरातल्या हीटरच्या नळ्या साफ करून देतो म्हणणारा जाहिरातवाला होता. पाद्री थांबले, सगळे थांबले, आणि हिने नळ्या साफ आहेत म्हणून सांगितलं.

काल दुपारी अडीचला खरा फोन आला. चारला याल का? ही खिडकी तशीच टाकून पळाली.

दवाखाना चपलांच्या बंद पडलेल्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. बंदरावरून धुकं असं चढलेलं की चार वाजताच दिवे लागलेले, आणि लांबून तो जहाजांना इशारा देणारा भोंगा... थांबून थांबून. वर ओल्या लोकरीचा आणि स्पिरिटचा वास. स्वागताला बसते त्या डॉटने नाव लिहून घेतलं. डॉक्टरांच्या खोलीत दिवा चालू होता, म्हणून ती म्हणाली की बसा, आतून बोलावतील. आणि फाइल आणायला तळघरात गेली.

बाहेर बसायच्या खोलीत एकच म्हातारे होते, गुडघ्यावर टोपी ठेवून बसलेले. गप्पिष्ट एकदम! ओटची बिस्किटं काढून हिला दिली. आपलं नाव ऑर्विल पर्डी, तीन वर्षं चार महिने वाट बघतोय, म्हणाले. तेवढ्या काळात बायकोने कुत्रा पाळला, तो म्हातारा झाला, आणि त्याच्या डोळ्यांचं ऑपरेशनसुद्धा होऊन गेलं. नोएला खो खो हसली. आता दिसत नाही म्हणून कुत्राच पेपर वाचून दाखवतो, असंही म्हणाले.

तेवढ्यात आतून हाक आली, "नोएला कोमो."

आणि इथे तिने ते केलं जे आपल्या या हॅलिफॅक्स शहरातल्या माणसालाच सुचेल. आपल्या पायावर कुणी पाय दिला तरी सॉरी आपणच म्हणायचं, असं आपलं वळण! ती म्हणाली, "तुम्ही जा, आजोबा."

"तुझी वेळ आहे ना, पोरी?"

"वेळ माझी, पण रांग तुमची."

म्हाताऱ्याचा चेहरा असा फुलला, म्हणते! टोपी तिथेच विसरून आत गेले. दार अर्धवट लागलं. आतून दबका आवाज येत होता, "वर बघा... खाली बघा... आता माझ्याकडे मात्र बघू नका..."

नोएलाला वाटलं, डॉक्टर विनोद करताहेत.

पाचेक मिनिटांत आजोबा बाहेर आले. डोळ्यांत औषध घातल्यावर देतात तो कागदी काळा चष्मा लावलेला. "सगळं लख्ख दिसतंय," म्हणाले. "तुझंही नाव सांगून ठेवलंय आत." आणि कठड्याला हात न लावता झपझप जिना उतरले.

ती आत जायला उठली, तर त्याच जिन्यावरून धापा टाकत कोण आलं असेल? डॉक्टर! कोट ओला, हातात बॅग. पुलावर अपघात, तासभर गाडीत अडकलो होतो, माफ करा, म्हणाले. जिन्यात त्यांना कुणीच भेटलं नव्हतं.

मागून डॉट फाइल घेऊन आली. आत जाऊन बघितलं. खोली रिकामी, पण हनुवटी टेकवायचं ते यंत्र चालू होतं. नोएलाने खुर्चीवरची टोपी उचलून पर्डी आजोबा विसरले म्हणून सांगितलं, तर डॉट म्हणाली,

"तुला दिलेली वेळ त्यांचीच होती गं... सकाळी मुलीचा फोन आला. परवा गेले ते."

डॉक्टरांनी तपासलं तरी. मोतीबिंदू आहे, ऑपरेशन सोपं आहे, डोळा बरा होईल. फक्त रांग अजून दहा महिन्यांची. म्हणजे बस गेलीच की!

आणि आज सकाळी परत नंबर लपवलेला फोन. मंगळवारी सकाळी सातला ऑपरेशन, चालेल का? यादीवरच्या माणसाची जीभच तशी होते, हो म्हणून मोकळी झाली. मग डॉटला विचारलं, तर आम्ही काही ठरवलंच नाही म्हणाली. हॉस्पिटलला विचारलं, तर नाव आहे, वेळ आहे, नको असेल तर यादीच्या तळाशी जा.

आता ती माझ्या मागे लागलीये, मंगळवारी गाडी घेऊन सोबत चल. डोळ्याच्या ऑपरेशननंतर न्यायला माणूस असल्याशिवाय घरी सोडतच नाहीत ना? हो म्हटल्या म्हटल्या तिनेही फोनवर तेच विचारलं होतं, न्यायला कुणाला आणू? तर पलीकडचा आवाज अगदी प्रेमाने म्हणाला, म्हणे,

"कुणी लागत नाही... इथून घरी न्यावं लागत नाही कुणाला."

उद्या सांगते म्हणून मी तिथून निघून आलेय. तू काय केलं असतंस गं?