स्टॅकवरची पंगत

चपला दाराबाहेर काढून उज्ज्वला धावतच कॉम्प्युटरच्या खोलीत शिरली. बघते तर तिच्या खुर्चीवर भलताच कोणीतरी बसलेला.

"ही माझी वेळ आहे," ती म्हणाली.

"माझीपण. वहीत दोघांची नावं पडलीत." तो जरा सरकला. "बसा ना… मी अभिमन. धुळ्याचा."

एका कॉम्प्युटरपुढे दोन खुर्च्या, कोपराला कोपर लागेल इतक्या जवळ! १९९३ सालच्या जळगावात एवढं पुष्कळ झालं. पण उज्ज्वलाला त्याच्याकडे बघायला सवड कुठे? तासाभरात क्लासचे झोपे सर प्रोग्राम बघणार होते. क्लासमध्ये शिकवायची जागा एकच. मिळाली तर जळगावात राहायचं, नाहीतर रावेरला परत. रविवारी पाहुणे बघायला येतील, असं नानांनी, तिच्या वडिलांनी, बजावलेलं. आणि हा मेला प्रोग्राम ऐन वेळी रुसून बसलेला.

केळीच्या ट्रकांची यादी होती ती. शालिग्राम, निंबा, नथ्थू अशी शेतकऱ्यांची नावं उमटायला हवी होती. उमटत होतं काय, तर चौकोन, हसरे चेहरे आणि चक्क एक बदाम.

"हा बदाम… माझ्यासाठी?" अभिमनने अगदी साळसूदपणे विचारलं.

"कामाचं बोला," ती फणकारली. पण डोळे भरून आलेच.

ते पाहून तो गंभीर झाला. स्क्रीनवरच्या ओळी भराभर वाचत गेला. "हे बघा. फंक्शनच्या आत नावासाठी जागा घेतलीत, ती स्टॅकवरची, मेमरीतली तात्पुरती. फंक्शन संपलं की जागा सुटली. आणि तुम्ही बाहेर तिचाच पत्ता देताय… तोवर दुसरं फंक्शन तिथे येऊन बसतं."

उज्ज्वलाने ती ओळ पुन्हा वाचली. मग चेहरा असा उजळला म्हणता!

"म्हणजे पंगतच की हो! पहिली पंगत उठली, पत्रावळी उचलल्या, दुसरी बसली. आणि मी आपली त्याच पाटावर शालिग्रामभाऊंना शोधतेय."

"मग काय करायचं?" तो तिच्याकडे बघतच राहिला होता.

"जागा मेनने धरायची. मेन हे मुख्य फंक्शन, म्हणजे घरधनी, सगळे जेवून जाईपर्यंत तो कुठे हलतोय? फंक्शनने यायचं, त्याच्या पानात वाढायचं आणि जायचं."

तिची बोटं कीबोर्डवर धावली. एंटर… आणि नावं ओळीने उभी राहिली.

"बठ्ठं बरोबर शे!" अभिमनची धुळ्याची बोली अशी काही सुटली की तोच लाजला. ती खळखळून हसली.

"हे असंच उद्या सकाळच्या बॅचला सांगशील?" झोपे सर केव्हापासून दारात उभे होते. "जागा तुझी."

उज्ज्वलाला हर्षवायूच व्हायचा राहिला. सर गेले, ती वळली, आणि तिला अभिमनच्या हातातली फ्लॉपी दिसली. वर लिहिलेलं, 'शिक्षक निवड'.

"तुम्हीसुद्धा… याच जागेसाठी आला होतात?"

"हो."

"मग मला चूक दाखवलीत कशाला?"

तो फ्लॉपी बोटांत फिरवत राहिला. "तुमचे डोळे भरलेले बघवेनात. आणि ती पंगत सांगायला लागलात ना… खरं सांगतो, तुम्ही मला फार आवडलात." त्याने पिशवी उचलली. "चला. धुळ्याची गाडी गाठतो."

उज्ज्वला त्याच्या वाटेत उभी राहिली. आज नाही तर कधी?

"रविवारी रावेरला या," ती म्हणाली. "नानांशी मी बोलते. पाहुणे यायचेच असतील, तर… माझ्या पसंतीचे येऊ देत."

त्याच्या हातातली पिशवी तशीच राहिली. "आईला घेऊन येऊ?"

"मग? मुलगी बघायला कोणी एकटं येतं का?"