मला कोण बघत होतं?

एक कोडं सोडवा बघू. सभागृहात दोनशे माणसं आहेत आणि न्हाव्यानं तुमच्या केसांची पार वाट लावली आहे. किती जण तुमच्याकडे बघतील?

मी म्हटलं होतं, दोनशे. आणि तिथंच मी माती खाल्ली.

केतकी, माझी बालवाडीपासूनची मैत्रीण, आईबाबांबरोबर पाच वर्षांसाठी मंगळावर निघाली होती. अंतराळतळाच्या सभागृहात निरोपाचा समारंभ होता. "निघताना माझ्या हातावर दही रुंजीच घालणार," असं तिनं घरी बजावून ठेवलं होतं. रुंजी म्हणजे मी. मी दह्याची वाटी घेऊन गेले खरी, पण टोपी ओढून एका खांबाआड उभी राहिले. आता जाऊ, मग जाऊ म्हणता म्हणता यानाकडे जायची वेळ झाली. दही शेवटी तिच्या मावशीनं घातलं.

घरी आल्यावर मी आत्यापुढे भोकाड पसरलं. माझी आत्या मेंदूशास्त्रज्ञ. त्या सभागृहात तिनंच नजरमापक (कोण कुठे बघतं ते टिपणारं यंत्र) बसवला होता.

"सगळे मलाच बघत होते गं!"

"थांब, बघू या." तिनं नोंदी उघडल्या. "तुझ्याकडे बघणारे तीन. त्यातलं एक तान्हं बाळ."

"शक्यच नाही!"

"अगं, तुझ्या वयात मेंदू दुसऱ्याच्या मनाचा अंदाज बांधायला शिकत असतो. पण अजून कच्चा असतो. आपल्या मनात जे असेल, तेच तो सगळ्यांच्या मनात घालतो. तुझ्या डोक्यात केस, म्हणून तुला वाटलं सगळ्यांच्या डोक्यात तुझेच केस. याला म्हणतात काल्पनिक प्रेक्षक (नसलेले बघे). माझ्या दातांना तारा होत्या, तेव्हा मलाही भेटले होते."

"मग बाकीचे कुठे बघत होते?"

"आपापल्या माणसांकडे."

"आणि केतकी?"

आत्यानं नोंदी पुन्हा चाळल्या. मग म्हणाली, "आत यायच्या दाराकडे. एक्केचाळीस वेळा."

मला स्वतःचा इतका राग कधीच आला नव्हता. मी तिथंच तर होते, वीस पावलांवर!

यानावर निरोप पाठवायला बसले. "सॉरी, माझे केस" एवढं लिहिलं आणि पुसलं. मग लिहिलं, "मला फार वाईट वाटतंय." तेही माझंच तुणतुणं. पुसलं. शेवटी एवढंच लिहिलं, "यान सुटताना तुला भीती वाटली का गं?"

दुपारी उत्तर आलं. "खूप. म्हणून तर तू हवी होतीस."

खाली तिनं पानभर लिहिलं होतं. पहिल्यांदाच मी तिचं सगळं म्हणणं मध्ये माझं तुणतुणं न लावता वाचलं.