कलावतीकाकूची कॅसेट

ऐक न बे हिरालाल. मधात बोलू नको. अन् हसू तर अजिबात नको.

खरी गोष्ट आहे. कोणाची ऐकलेली नाही, माया सोबत झाली. यंदाच्या मे महिन्यात, आपल्या प्लँटच्या कॉलनीत, सेक्टर सहाच्या एका क्वार्टरमंधे.

रात्र नव्हती रे... भरदुपार होती. बाहेर गरम वाऱ्याची लू चालून राहिली होती.

देवराव माहीत आहे ना तुले? मायी रमाताई त्यालेच देली, साखरपुडा झाला. व्हीसीआर, कलर टीव्ही, कॅसेटचा डेक, सारं उघडणं मले त्यानंच शिकवलं. भाऊजी नाही, मी त्याले भाऊच म्हणतो.

म्हणत होतो.

उन्हाळ्यात सारे गावाले जातात ना? क्वार्टर खाली, रिकामे. चोराची मजा. मंग आमी दोघांनी एक जुगाड बनवला. संध्याकाळी टायमर लाइट लावते, डेक चालू करते, अन् खोल्याखोल्यातल्या स्पीकरमधून घरच्याच लोकाईचा आवाज येते. चोराले वाटते, माणसं घरीच आहेत.

सेक्टर सहात नरहरीकाकाच्या घरी तेच लावलं. कॅसेटमंधे त्याची बायको, कलावतीकाकू. "अहो, चहा ठेवू का? दार लावा ना!" रेकॉर्डिंग करता करता स्वतःच हसे बिचारी.

मंग ते दोघं भंडाऱ्याकडं गावाले गेले.

अन् काकू तिथंच वारली.

काकाच्या शेजारची राधाबाई देवरावच्या घरी आली. म्हणे, "बंद कर रे बाबा ते! बाई गेली, अन् तिचा आवाज भरदुपारी येऊन राहिला."

भरदुपारी? टायमर तर संध्याकाळी सातचा होता.

देवरावनं मले चाबी देली. "तू पाहून ये न. मले सेकंड शिफ्ट आहे. अन् जरा लवकर जा."

"तू गेला होता का तिकडं?"

"लावल्यापासून नाही बे. मले कुठं टाइम?"

गेलो सायकलनं. दार उघडंच ठेवलं, घर तापलेलं होतं. टायमर पाहिला. सातवरच होता. तरी वेळ लावायच्या त्याच्या पिना काढल्या. डेकचा प्लग काढला. कॅसेट काढून खिशात टाकली.

झालं काम.

तेवढ्यात...

स्वयंपाकखोलीतल्या स्पीकरमधून भांडं वाजलं.

प्लग माया हातात होता, हिरालाल.

"आला का?"

काकूचा आवाज. सच्ची.

मी धावत गेलो, कटरनं त्या स्पीकरची वायर कापली. वाटलं, कुठून तरी करंट येऊन राहिला असल.

मंग बेडरूममधून... "आला का बाळा?"

तीही कापली.

शांत. एकदम शांत. बाहेरची लूसुद्धा ऐकू येईना.

अन् त्याच कापलेल्या स्पीकरमधून... देवराव बोलला.

रडून राहिला होता.

"काकू, मले सोडा. मायं लगन आहे. मी दुसऱ्याले पाठवतो."

"कोणाले?"

"रमाचा भाऊ आहे. भोळा आहे. मी म्हटलं का येते."

मी दाराकडं पळालो. उघडं ठेवलेलं दार... लागलेलं होतं.

कडी आतून होती.

कशी उघडली, मले आठवत नाही. सरळ देवरावच्या घरी गेलो. सारा रस्ता मनात एकच, तो प्लँटमंधे असल, आवाज खोटा असल, मायं डोकं उन्हानं तापलं असल.

सेकंड शिफ्टवाला देवराव ओट्यावर बसून होता.

मले पाहून उभा झाला. जशी मायी वाटच पाहून राहिला होता.

मी एवढंच म्हटलं, "टायमर बिघडला होता. प्लग काढून आलो."

तो जवळ आला. हळूच म्हणे...

"काकूनं तुले काय मागतलं?"

मी तर काकूचं नावही काढलं नव्हतं बे.

"काही नाही," म्हटलं.

त्यानं मंग खांद्यावर हात ठेवला, शिकवताना ठेवे तसाच. म्हणे, "रमाले सांगू नको."

बस. ना माफी, ना काही.

काकूले काय पाहिजे, मले माहीत नाही. देवरावले माहीत आहे का, तेही माहीत नाही. आता रिसालीत आमच्या घरी बसलो का दुपारी कोणी तरी मले नावानं हाक मारते. रेडिओ बंद असते. मी ओ देत नाही.

अन् तिकडं ताई शालू दाखवून राहिली साऱ्याईले. पुढच्या महिन्यात लगन आहे. सांगतो तर लगन मोडते, ताई जन्मभर मले बोलणार नाही. नाही सांगत तर... ज्यानं मले पाठवलं, त्याच्याच घरी ताईले पाठवायचं. उद्या पुन्हा त्याच्यावर काही आलं, तं तो कोणाचं नाव घेईल?

तू असता तं काय केलं असतं, सांग न बे?