झुंबरबाईंचं लाल बटण

"रूपानंच आईच्या मोबाइलमधून माझा नंबर उडवला!" स्वप्नील दारातूनच म्हणाला. "आई भर दुपारी अंगणात पडली, अन् माझ्या मोबाइलवर साधी टिंग नाही. उद्या पोलिसांत देतो तिला."

जळगावात खासगी तपास करणाऱ्या संघमित्रा मॅडम नुसत्या ऐकत होत्या. त्यांचा मदतनीस प्रेमराज मात्र तिथंच पेटला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

स्वप्नील धुळ्याला नोकरीला. गावाकडे असोद्याला आई झुंबरबाई एकटी, म्हणून त्यानं तिच्या मोबाइलवर ॲप टाकलं होतं. लाल बटण दाबलं की मुलाकडे भोंगा वाजणार, आणि त्यानं तो बंद करेपर्यंत आईचा मोबाइल ती कुठे आहे ते सारखं कळवत राहणार.

असोद्याला पोचताच प्रेमराजनं आईची देखभाल करणाऱ्या रूपाची पिशवी खाटेवर उलटी केली. निघाल्या झुंबरबाईंच्याच गोळ्या.

"ह्याच आनाले जळगावले गेली व्हती, ताई," रूपा मॅडमना म्हणाली. "जाताना मोबाइल पुरा चार्ज करून आक्काजवळ ठेवला. सांजच्याले आली तं आक्काचा पाय मोडेल व्हता, अन् मोबाइल मरेल व्हता."

पायाला प्लास्टर घातलेल्या झुंबरबाईंनी आधी मुलाकडे पाहिलं. "रूपाचा काई दोष नाई. मी बटन दाबलंच नाई. इसरली."

म्हातारी रूपाला घाबरते, प्रेमराजनं ठरवून टाकलं.

स्वप्नीलचा मोबाइल सारखा वाजत होता. केळीच्या भावाचा ग्रुप. "आवाज कधी बंद नसतो माझा," तो म्हणाला. "मागे एकदा भोंगा वाजला तर धुळ्याहून गाडी पिटाळत आलो. आई म्हणे, भरीत केलंय, गरम गरम खाऊन जा!"

तो हसला. आईनं मान खाली घातली.

"आक्का, आता दाबा बटण," मॅडम म्हणाल्या.

"राहू द्या ना, ताई."

मॅडमनी स्वतःच दाबलं. 'संदेश पोहोचला,' आईचा मोबाइल म्हणाला. स्वप्नीलचा गप्पच. मग केळीचा भाव आला, टिंग.

"पुरा चार्ज केलेला मोबाइल नुसता पडून राहिला तर संध्याकाळपर्यंत मरत नाही," मॅडम म्हणाल्या. "ठावठिकाणा कळवून कळवून मेला. म्हणजे बटण दाबलं होतं. नंबर उडवला असता, तर आत्ताचा संदेश पोहोचला नसता. स्वप्नीलभाऊ, तुमच्या मोबाइलवर सगळ्यांचा आवाज चालू आहे, एका आईचा सोडून. तो तुमच्याशिवाय कोण बंद करणार?"

स्वप्नीलचा चेहरा उतरला. "भरितानंतरही... भोंगा सारखा वाजायचा, ऑफिसात सगळे हसायचे. चार दिवसांसाठी बंद केला होता. नंतर ध्यानातच राहिलं नाही."

"बटण दाबूनही तुम्ही आला नाहीत, आक्कांनी ते तेव्हाच ओळखलं. तुमची लाज झाकायला खोटं बोलल्या."

प्रेमराजला जमीन दुभंगली तर बरं असं झालं. गोळ्या पिशवीत भरून त्यानं ती रूपाला दिली. "चुकलो, ताई," एवढंच त्याला म्हणता आलं.

स्वप्नील आईच्या पायाशी बसून रडू लागला.

"रडू नको रे. मीच लांडगा आला, लांडगा आला करत राह्यली," झुंबरबाई म्हणाल्या. "पन एक कर. त्या बटनावर आता रूपाचा नंबर टाक."

त्यानं ॲप उघडलं आणि तो थांबला. दोन वर्षं आईला सांभाळणाऱ्या बाईचा नंबर त्याच्याकडे नव्हता, आणि विचारायला तोंडही राहिलं नव्हतं.

रूपा न विचारताच एकेक आकडा सांगू लागली.