मोटेवरचं निळं गाणं

शेजारच्या मळ्यातल्या नानासोंचा पुतण्या लढाईवरून परत आला आणि मोटेवर बसून रडायला लागला, ही बातमी आमच्या घरात साळूआत्यानं आणली. साळूआत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. तिच्या बातमीला मीठमसाला असायचा, पण बातमी सहसा खोटी नसायची. तिनं मला बजावलं, "मनू, आबाची भाकरी घिऊन जाताना नानासोंच्या इहिरीवरनं जाऊ नगं. वड्याच्या अंगानं जा." पलटणीतून आलेल्या माणसाला काय काय धरलेलं असतं, कुणाला ठाऊक!

तिनं सांगितलं नसतं तर मी ओढ्यानंच गेले असते.

फाल्गुनाचे दिवस होते. ऊस माझ्या डोक्याच्या वर गेला होता. डोक्यावर पाटी धरून मी उसातून वाट काढत निघाले आणि... तो आवाज कानावर पडला. घोगरा, ओबडधोबड, कुणी कधी न घासलेला आवाज. मोटेवरची गाणी मला पाळण्यापासून पाठ, पण हे त्यातलं नव्हतं. बैल धावेच्या उतारावरून खाली चालले की एक ओळ यायची. मोटेचं पाणी काठावरच्या दगडी थारोळ्यात धो धो पडत असताना तीच ओळ पुन्हा. आणि बैल मागं सरताना तिसरी—

पाणी गेलं पाटानं, गं पाणी गेलं पाटानं,
पाणी गेलं पाटानं, गं पाणी गेलं पाटानं,
मन तेवढं वळलं बाई, तुझ्याच वाटानं...

ती तिसरी ओळ आली की छातीत अडकलेलं काहीतरी सुटायचं. मी उसाची पानं बाजूला केली आणि बांगड्यांनी घात केला.

"कोण हाय उसात? डुक्कर असंल तर पळा, माणूस असंल तर म्होरं या."

मी पुढं झाले. "डुकराच्या डोस्क्यावर पाटी असती का?"

"हिकडच्या डुकरांचं म्हाईत न्हाई. लय दिस भाईर होतो."

उंच, उन्हानं रापलेला, खाकी अर्धी चड्डी, डोक्याला साधं मुंडासं. थारोळ्यातले तुषार त्याच्या तोंडावर उडाले होते आणि तो डोळ्यांनीच हसत होता. रडक्या माणसाचे डोळे असे नसतात. मी सरळच विचारलं, "रडताय कशापायी?"

"रडत न्हाई. गातोय."

मग त्यानं सांगितलं. आसामच्या डोंगरात तो लष्कराची लॉरी हाकायचा. तिथं अमेरिकेतले काळे शिपाई रस्ता करत होते. त्यांतला जिम नावाचा गडी त्याचा जिवाभावाचा झाला. जिमच्या घरचे दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचणारे. दिवस मावळला की तो लॉरीला टेकून गिटार घेऊन बसायचा आणि असंच गायचा, एक ओळ दोनदा आणि मग तिसरी. दोनदा म्हटलं की दुःख कानाला सवयीचं होतं आणि तिसऱ्या ओळीत त्याला हाकलता येतं, असं जिमचं म्हणणं.

"ह्या गाण्याला ते ब्लूज म्हणत्यात. म्हंजे... निळं-निळं."

"गाण्याला कुटं रंग असतोय?"

"जिवाला असतोय का न्हाई?"

मी बैलांकडे वळले आणि त्यांची नावं विचारली. उजवा सुभेदार आणि डावा हवालदार, तो म्हणाला. पलटणीत सुभेदार-हवालदारांनी त्याला पळवलं होतं, आता पळवायची पाळी त्याची होती.

दुपारी बैल सोडल्यावर त्यानं बाभळीखाली बसून खोळीतून तुणतुणं काढलं. गिटार कुठून आणणार? एका म्हाताऱ्या गोंधळ्याकडून ते त्यानं मागून घेतलं होतं. करंगळीत काडतुसाची रिकामी नळी घातली आणि ती तारेवरून वर-खाली सरकवत वाजवू लागला. तुणतुणं आपलं तुणतुण करतं, एवढंच मला ठाऊक होतं. त्या एका तारेनं हुंदका दिला, मग चेष्टा केली, मग कुणाला तरी लांबून हाक मारली. त्याचा पाय मातीत ठेका धरत होता, मान खाली होती, आणि मी तिथं आहे हे तो पार विसरला होता. तो माणूस मला तेव्हाच आवडला. तुणतुणं आधी आवडलं की माणूस, ते मात्र मला अजून सांगता येत नाही.

वाजवून झाल्यावर तो म्हणाला, "माजं नाव न्हाई इचारलंस?"

"म्हाईत हाय."

"मग घे की."

मी पाटी उचलली. वाडीतल्या पोराचं नाव घ्यायचं तर पुढं दादा लावावं लागतं. दादा मला म्हणायचं नव्हतं. आणि नुसतं नाव... नुसतं नाव बाई ज्याचं घेते, ते उखाण्यात, यमकात घेते.

"घीन, येळ आली की," एवढं बोलून मी पळाले.

त्या दिवसापासून आबांची भाकरी रोज गार व्हायला लागली. "हल्ली वाट लांबली का गं?" असं आबा विचारायचे आणि मी उसात गवत फार माजलंय म्हणून सांगायची.

पुढं नानासो रीतसर मागणी घालायला आले. बांधाला बांध लागलेला, भावकी नाही, सोयरिकीला कसलीच आडकाठी नव्हती. चहा झाला, पान झालं, आणि आबांनी एका वाक्यात निकाल लावला. तुणतुणं गोंधळ्यानं वाजवावं, तमाशातल्यानं वाजवावं; ज्याच्या घरात ते वाजतं त्या घरात आपली, मानसिंगाची पोरगी जाणार नाही. फलटणकडचं एक स्थळ त्यांनी आधीच हेरून ठेवलं होतं. यात्रा झाली की ते लोक बघायला येणार होते.

दुसऱ्या दिवशी तो बांधावर उभा होता. हसत नव्हता.

"तू म्हणशील तर तुणतुणं इहिरीत टाकतो," तो म्हणाला.

"टाकलंत तर तुमच्याकडं बघणार न्हाई मी."

"आन् ठेवलं तर तुजं आबा बघत न्हाईत."

मला रडू आलं. पण मला तुणतुण्यासकट तोच हवा होता, अर्धा नको होता, आणि तसं मी त्याला सांगितलं. त्यानं काडतुसाची नळी माझ्या हातावर ठेवली, आणि त्या आठवड्यात सांगलीला उतारूंच्या एका सर्व्हिस मोटरीवर डायवर म्हणून निघून गेला.

चैत्र लागला. ऊन तापलं आणि नेमका तेव्हाच आमचा एक बैल लंगडला. नानासोंनी नकाराचा राग पोटात ठेवला नाही. पैऱ्याचा, अडीनडीला बैल देण्याघेण्याचा व्यवहार वेगळा, सोयरिकीचा वेगळा, असं म्हणून त्यांनी पुतण्या गेल्यापासून गोठ्यात बसून असलेल्या सुभेदार-हवालदारांना आमच्या मोटेवर पाठवलं.

आणि बैल हलेनात.

आबांनी चुचकारलं, शेपट्या पिळल्या, आसूड वाजवला. मग गळा साफ करून आपली ठेवणीतली गाणी काढली. आबांच्या आवाजाला साऱ्या शिवारात मान होता, पण बैलांनी मान वर केली नाही. नानासो येऊन गायले. तेव्हा हवालदार शांतपणे खाली बसला. दोन दिवस असेच गेले. उसाच्या पानांची सुरळी व्हायला लागली आणि आबांचा चेहरा उतरला.

मी पाटी घेऊन उभी होते. मला ठाऊक होतं बैलांना काय हवंय ते. आणि ते गायलं तर सगळं उघडं पडेल, हेही ठाऊक होतं. आबांनी थकून थारोळ्याच्या दगडावर डोकं टेकलं, तेव्हा मात्र राहवेना. पाटी खाली ठेवली, डोळे मिटले आणि सूर धरला.

पाणी गेलं पाटानं, गं पाणी गेलं पाटानं...

हवालदार उठला. दोघं धावेवरून खाली निघाले, करकर करत मोट वर आली आणि थारोळ्यात धो धो पाणी पडलं. मी तीच ओळ पुन्हा म्हटली. तिसऱ्या ओळीला बैल शहाण्यासारखे मागं सरले.

आबा माझ्याकडे बघत राहिले. "कुटं शिकलीस हे?"

"उसात."

आणि मीच पुढं बोलले, इतकं धाडस कुठून आलं देव जाणे. "आवं आबा, ह्या बैलांना दुसरं गाणं चालत न्हाई. मलाबी न्हाई."

पुढचे दिवस मीच मोटेवर गायले, कारण ऊस जगवायचा होता. बांधावर बायामाणसं जमू लागली. मानसिंगाची पोरगी मोटेवर रडते ही खबर फलटणला पोचली आणि त्या लोकांनी पत्रिका जुळत नाही म्हणून निरोप धाडला. पत्रिका आम्ही दिलीच नव्हती. आत्या चिडली, आबा नाही चिडले. एका सकाळी ते गोठ्यात शेण काढताना ती तिसरी ओळ गुणगुणत होते, आणि मला बघून खोकल्यासारखं केलं.

मग एक दिवस ते हळदीचा भाव बघून येतो म्हणून सांगलीला गेले. आले ते कोळशावर चालणाऱ्या मोटरीत, डायवरच्या शेजारी बसून. हळदीचा भाव काय, हे त्यांना आत्यानं विचारलं तर सांगता आलं नाही. मोटर हाकणाऱ्याला त्यांनी एकच अट घातली होती.

"लपून वाजिवलं की बोभाटा हुतो. यात्रंत, देवापुढं, समद्यांच्या म्होरं वाजवा. मग बघू."

यात्रेच्या दिवशी, कुस्त्यांच्या आधी, तो देवळाच्या पारावर तुणतुणं घेऊन बसला. नळी मी सकाळीच नानासोंच्या हाती धाडली होती. आधी पोरं हसली, म्हातारे कुजबुजले. मग तारेनं तो हुंदका दिला आणि सगळे गप्प झाले. त्यानं नवं गाणं धरलं होतं.

सांगलीची मोटर, तिला रस्ता लय लांब...
सांगलीची मोटर, तिला रस्ता लय लांब...

आणि थांबला. नळी तारेवर तशीच धरून त्यानं मान वर केली, बायकांच्या घोळक्यात मला शोधलं. तिसरी ओळ त्यानं माझ्यासाठी सोडली होती. माझे कान तापले. आत्यानं पदर ओढला. पण मी उठून उभी राहिले आणि सगळ्या गावापुढं गायले—

"कृष्णातरावांचं नाव घेते, मोटर जरा थांब!"

बायका खो खो हसत सुटल्या. आबांनी फेटा काढला, डोकं खाजवलं, पुन्हा घातला. "आता मुहूर्त काढा नानासो," ते म्हणाले. "पोरगी नाव घिऊन मोकळी झाली."

कृष्णातरावांनी हसत हसत पुन्हा तार छेडली. लिंबाखाली गाडीला जुंपलेले सुभेदार आणि हवालदार गाणं ऐकून निघाले होते, थेट आमच्या विहिरीच्या वाटेनं, आणि त्यांना थांबवायचं भान कुणालाच नव्हतं.